फ्लेक्सवरची माझी जागा

सेनगावात माझा कॉम्प्युटर क्लास आहे. तिथं येणाऱ्या पोरापोरींना प्रोग्रॅम लिहायला शिकवताना मी सुरुवातीलाच सांगतो, की कुणावर विश्वास ठेवू नका. वापरणाऱ्यावर नको, यंत्रावर नको आणि स्वतःवर तर मुळीच नको. माऊसचं बटण दाबलं अशी खबर प्रोग्रॅमला आली, म्हणजे ते सोडल्याचीही खबर येईलच असं धरून चालू नका. त्या दोन वेगळ्या घटना आहेत. माणूस बटण दाबतो, मधेच शिंकतो, कुणी हाक मारली म्हणून उठून जातो. पोरं हसतात. माझी बायको म्हणते, "हा धडा तुमी क्लासातच ठेवला असता, तर निम्मे सोयरे अजून आपल्याशी बोलून राहिले असते."

तिचं खरं आहे. मी संशयी माणूस आहे. कंडक्टर "पुढं जागा हाय" म्हणाला की मी आधी मागं बघतो. दुकानदारानं न मागता खुर्ची दिली, की माल पडून आहे हे मी ओळखतो. कुणी माझी फार स्तुती केली तर घरी येऊन मी विचार करत बसतो, की याला नेमकं काय पाहिजे असेल. दहातल्या नऊ वेळा माझा अंदाज चुकतो, पण दहावी वेळ माझ्या चांगली लक्षात राहते.

माझी थोरली बहीण हट्ट्याला दिली आहे. तिला मी अक्का म्हणतो. दाजी सरळ माणूस, शेत आणि तंबाखू यांच्यापलीकडं बघत नाहीत. त्यांचा धाकटा भाऊ मात्र गावात पुढारपण करतो. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालतो आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवतो. ज्याचा एक हात सारखा आपल्या खांद्यावर असतो, त्याच्या दुसऱ्या हाताकडं लक्ष ठेवावं असं माझं मत आहे.

अक्काच्या लेकीचं, म्हणजे माझ्या एकुलत्या एक भाचीचं लग्न ठरलं आणि साखरपुड्यातच ठिणगी पडली. मानाचे फेटे बांधायला सुरुवात झाली. पहिला फेटा या पुढाऱ्याला, चांगला झुपकेदार तुरा काढून. मग नवरदेवाकडचे, मग गावातले चार प्रतिष्ठित. माझ्यापर्यंत येईस्तोवर चांगलं कापड संपलं होतं. मला जे बांधलं त्याला फेटा म्हणणं अवघड होतं. डोकं दुखायला लागल्यावर बाया कपाळाला पट्टी बांधतात, तेवढंच ते होतं. मुलीच्या मामाला शेवटी फेटा आणि तोही असा. मी पोट ठीक नाही म्हणालो आणि न जेवता निघालो. अक्का जीपपर्यंत आली होती. तेव्हापासून माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती.

लग्न तोंडावर आलं तेव्हा हट्ट्याच्या एका सोयऱ्यानं माझ्या फोनवर एक फोटो पाठवला. गावाच्या फाट्यावर लग्नाचा फ्लेक्स लागला होता. फोटोखाली हसरी तोंडं आणि एक ओळ: "मामा, तुमी मित्रमंडळात कवा भरती झाले?"

मी फोटो बोटांनी मोठा करून बघितला. आमच्याकडच्या फ्लेक्सला एक रीत असते आणि ती कुणी लिहून ठेवलेली नसली तरी लहान लेकराला पण ठाऊक असते. सगळ्यात वरच्या ओळीत गणपती, गावदेवी, थोर पुरुष आणि घरातले वारलेले वडीलधारे. मधोमध नवरा-नवरी. त्यांच्या दोन्ही बाजूंना आईवडील, मामा, काका. आणि एकदम तळाला मित्रमंडळ, म्हणजे गॉगल लावलेल्या पोरांचे पोस्टाच्या तिकिटाएवढे फोटो. लग्नपत्रिकेत चूक झाली तर लोक समजून घेतात. फ्लेक्सवर फोटो एक ओळ खाली आला तर माणसं वर्षानुवर्षं एकमेकांच्या दारात जात नाहीत.

मी तळाला होतो. उजव्या कोपऱ्यात. माझ्या शेजारी एक पोरगं कानाला फोन लावून आभाळाकडं बघत होतं. माझी हनुवटी फ्लेक्सवाल्याच्या स्वतःच्या जाहिरातीच्या पट्टीखाली गेली होती, त्यामुळं मी बुडताना मदत मागतोय असं वाटत होतं. आणि नवरीच्या अगदी शेजारी, हात जोडून, गालभर हसत, काका.

मी फोन बायकोपुढं केला. तिनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "फोटो चांगला आलाय तुमचा."

"मी लग्नाला जात नाही," मी म्हणालो.

माझ्या डोक्यात सगळं जुळून आलं होतं. फेटा आधी, आता फोटो. आणि हे अक्काला दिसलं नसेल का? दिसलंच असेल. घरासमोरून फाट्याकडं जाताना रोज दिसत असेल. पण ती आता सासरची झाली. दिराला बोलून घरात वाकडेपणा कोण घेणार, भावाचं काय, तो सेनगावात बसला आहे. त्या संध्याकाळी अक्काचा फोन आला. मी उचलला नाही. पुन्हा आला तेव्हा बायकोला सांगायला लावलं, की माझं येणं जमेल असं दिसत नाही.

न जाण्याचा अर्थ काय होतो हे मला चांगलं माहीत होतं. आमच्या लग्नात मुलीला मांडवात आणतो तो तिचा मामा. माईकवर तसं पुकारतात. मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो तोही मामाच. अक्काला मी एकटाच भाऊ. मी गेलो नाही, तर त्या पोरीला कुणातरी लांबच्या सोयऱ्याचा हात धरून यावं लागेल आणि नवरदेवाकडची माणसं जेवताना एकमेकांना विचारतील, की हिचा मामा कुठं आहे. असा प्रश्न लग्नानंतर सासरी पोरीच्या मागं फिरत राहतो. हे सगळं कळत असूनही माझा राग जागचा हलेना.

दुसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला. तो मात्र मी उचलला.

"मामा, तुमी येऊन राहिले न्हाई म्हणं?"

"तुझ्या काकाला ईचार. त्येच्या फोटोला जागा पुरली, मामाच्या फोटोला न्हाई पुरली."

"तुमचा फोटो तितं कसा गेला ते मला पण कळंना. पर मामा, त्या फ्लेक्सवाल्याचा प्रोग्रॅम माझा हाय. माझं चुकलं असंल तर मला बोला." मग म्हणाली, "मी मांडवात कुनासंगं येऊ? काकासंगं?"

माझी नस कुठं आहे हे या पोरीला लहानपणापासून माहीत आहे.

प्रोग्रॅम तिचा, हे खरं होतं. नांदेडला कॉम्प्युटर शिकताना सुट्ट्यांत ती माझ्या क्लासात येऊन बसायची आणि माझ्या संशयी धड्यांवर सगळ्यात जास्त हसायची. वसमतच्या एका फ्लेक्सवाल्याला तिनं तो प्रोग्रॅम करून दिला होता. त्या माणसाचं दुखणं असं, की ज्याचा फोटो खाली जाईल तो दुकानात येऊन भांडायचा, आणि प्रत्येकालाच वाटायचं की फ्लेक्सवाल्यानं दुसऱ्याकडून चहा पिऊन आपल्याला खाली टाकलं. शेवटी त्यानं ठरवलं, की फोटो गिऱ्हाइकानंच स्वतःच्या हातानं लावायचे. भाचीनं त्यासाठी एक साधी खिडकी बनवली. मधे कोरा फ्लेक्स, कडेला सगळ्यांचे फोटो. फोटोवर माऊसचं बटण दाबून धरायचं, ओढत न्यायचं, पाहिजे तिथं सोडायचं. झालं की खाली उजव्या कोपऱ्यात 'जतन' लिहिलेलं हिरवं बटण. मग जसं आहे तसं छापलं जाई. दुकानात ठळक पाटी लागली: फोटोंचा क्रम गिऱ्हाइकाच्या हातचा, दुकान जबाबदार नाही.

म्हणजे मला कुणीतरी स्वतःच्या हातानं त्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं होतं. कुणाचा हात, एवढाच प्रश्न होता. मी भाचीला म्हणालो, बघतो. जायचं की नाही हे ठरवलं नव्हतं. पण रुसायचं तर पुरावा हातात घेऊन रुसावं. नुसत्या संशयावर रुसलेल्या माणसाची लोक समजूत काढतात. पुरावा असला तर त्यांना खाली मान घालून ऐकून घ्यावं लागतं.

सेनगावहून जीपनं हिंगोली आणि तिथून एसटीनं औंढ्यावरून वसमत. वाटेत मी काकाला विचारायचे प्रश्न मनात तयार केले, त्याची उत्तरंही मीच दिली आणि त्या उत्तरांतला खोटेपणाही पकडला. वसमतला हळदीचा हंगाम चालू होता. बाजाराकडच्या दुकानांच्या काचांवर पिवळी धूळ बसली होती आणि नाकात तोच वास. फ्लेक्सवाल्याची काचही पिवळी झालेली. आत तो फोनवर बोलत होता. तो कायमच फोनवर बोलत असतो, असं मला पुढच्या तासाभरात कळलं.

मला ओळखल्यावर त्यानं फोन खांद्यात धरून दोन्ही हात जोडले आणि हनुवटीनं पाटी दाखवली. "सर, तुमच्या फोटोचं मी बघितलं. लई वंगाळ झालं. पर माझा काई संबंध न्हाई."

"या फ्लेक्ससाठी कोण कोण आलं होतं?"

"कोन न्हाई आलं ते ईचारा. नवरीचे वडील फोटो घेऊन आले. त्येनी एकदा लावले. मंग काका आले. नवरदेवाकडचे आले. पुन्हा काका आले. बस्त्याच्या दिवशी घरच्या बाया आल्या, कपडे घेऊन दमल्या व्हत्या, पानी पिऊन जराशा टेकल्या. मंग मी छापलं."

काका दोनदा. मी मनातल्या मनात टाळी वाजवली. स्वतःचा एक फोटो बघायला माणसाला दोनदा काहून यावं लागतं? मी त्याला म्हणालो, ते सगळं जसंच्या तसं उघडून दे आणि जरा बाजूला हो. त्यानं खुर्ची दिली. ती मात्र मी संशय न घेता घेतली.

पडद्यावर फ्लेक्स उघडला. मी कोपऱ्यात होतोच. इथं माझ्या धंद्याची सवय कामाला आली. चोर सापडला असं वाटलं की मी आधी चोराची वकिली करून बघतो. समजा मी काका आहे. समजा मला या मामाचा अपमान करायचा आहे. मी काय करीन? मी त्याला एक ओळ खाली सरकवीन. एकच. तेवढ्यानं मामाला झोंबेल, आणि कुणी विचारलं तर म्हणता येईल, की जागा कमी पडली, रागावू नका. हनुवटी कापून कोपऱ्यात टाकलं तर सगळं गाव बोट कुणाकडं दाखवेल? माझ्याकडंच. जो माणूस निवडणुकीत दोन्ही बाजूंच्या घरी जेवतो, तो एवढं कच्चं काम करणार नाही. मला ही वकिली पटत गेली आणि त्याचं मला वाईट वाटत गेलं. इतका चांगला आरोपी हातचा जात होता.

मग माझ्या लक्षात आलं, की माझा फोटो मित्रमंडळाच्या ओळीत नीट बसवलेलाच नाही. तो फ्लेक्सच्या अगदी कडेला टेकला होता, आणि त्या कडेच्या पलीकडं, सरळ रेषेत, ते हिरवं बटण होतं. पाणी कुठं मुरतंय ते दिसायला लागलं. मला कुणी तिथं ठेवलं नव्हतं. बटणाकडं कुणी जात असताना मी मागं मागं गेलो होतो, आणि फ्लेक्सची हद्द संपली तिथं अडकलो होतो.

मी माझाच फोटो धरला आणि हलवायला लागलो. दाबलं, ओढलं, सोडलं. फोटो जिथं सोडला तिथं राहिला. जोरात नेला, हळू नेला, काकाच्या फोटोवर नेऊन सोडला, ते करताना जरा बरं वाटलं. सगळं ठीक. डावीकडं, उजवीकडं बाहेर जायला जागाच नव्हती. खिडकी पडदाभर उघडलेली. तळाला बटणांची पट्टी होती, तिथं सोडलं तरी प्रोग्रॅमला बराबर कळत होतं. राहिली वरची बाजू. वर, फ्लेक्सच्याही वर, खिडकीच्या माथ्यावर एक पट्टी होती, जिच्यावर प्रोग्रॅमचं नाव असतं आणि कोपऱ्यात बंद करायची फुली. मी फोटो धरून वर नेला, बाण त्या पट्टीवर गेला, आणि तिथं बोट उचललं.

फोटो वरच्या कडेला राहिला. झालं काम, असं वाटावं इतका शांत राहिला. मग मी बाण खाली आणला, बटणाला बोट न लावता. फोटो मागं मागं आला. मी डावीकडं गेलो, तो डावीकडं आला. त्याला कुणी धरलं नव्हतं तरी तो सुटत नव्हता.

चूक मला ताबडतोब कळली, कारण मी रोज तीच शिकवतो. प्रोग्रॅम आपल्या हद्दीतलंच ऐकत होता. बटण दाबलं ते हद्दीत, म्हणून त्याला कळलं. सोडलं ते माथ्यावरच्या पट्टीवर, हद्दीबाहेर, म्हणून त्याला कळलंच नाही. त्याच्या हिशेबी बोट अजून बटणावर होतं आणि फोटो अजून कुणाच्या तरी हातात होता. मग 'जतन' करायला जो कुणी बाण खाली नेईल, त्याच्याबरोबर फोटो खाली येणारच. दोन-चार ओळींचा इलाज होता. बटण दाबताक्षणी यंत्राला सांगून ठेवायचं, की हे सुटेपर्यंत बाण कुठंही गेला तरी खबर मलाच दे. आणि बाण हलला की दर वेळी विचारायचं, बटण खरंच दाबलेलं आहे का. माझ्या धड्यावर हसणाऱ्या पोरीनं नेमका तोच धडा सोडून दिला होता, याचा मास्तर म्हणून मला थोडा आनंद झाला. तो फार वेळ टिकला नाही.

कारण आता वेगळाच प्रश्न उभा राहिला. या दुकानातून इतक्या लग्नांचे, वाढदिवसांचे फ्लेक्स छापले गेले, तेव्हा हे कधीच कसं झालं नाही? उत्तर समोरच होतं. सगळ्यात वरच्या ओळीत देव आणि वारलेली माणसं. तिथं कुणी आपला फोटो नेत नाही. कितीही मोठा पुढारी असला तरी त्याचा हात त्या ओळीच्या खाली थांबतो. हा काका, ज्याला पहिला फेटा लागतो, तोही नवरीच्या शेजारी थांबला होता. वरच्या हद्दीबाहेर कुणी जातच नव्हतं, म्हणून तिथली चूक कुणाला सापडली नव्हती.

म्हणजे कुणीतरी मला वारलेल्या आजोबांच्या वर, देवीच्या वर, गणपतीच्याही वर नेलं होतं. जागा संपली तरी थांबलं नव्हतं. खाली टाकणारा माणूस शोधायला मी इतक्या लांबून आलो होतो, आणि सापडत होता तो वर नेणारा.

"त्या बाया आल्या होत्या म्हणालास," मी फ्लेक्सवाल्याला विचारलं. "त्यांच्यातल्या कुणी माऊस धरला होता का?"

त्यानं फोन कानापासून थोडा लांब केला. "नवरीच्या आईनं. मला म्हनल्या, दादा, हे वर कसं सरकवायचं? म्या सांगितलं, दाबून धरा अन् न्या. पयल्यांदाच धरला असंल त्येनी, दोनी हातानं धरला व्हता. तेवढ्यात मला फोन आला. मंग त्या म्हनल्या झालं, अन् उठल्या. मी हिरवं बटन दाबलं."

"दाबताना फ्लेक्सकडं बघितलं नाही?"

त्यानं पुन्हा पाटी दाखवली.

दाबून धरा आणि न्या एवढं त्यानं सांगितलं होतं. सोडायचं कुठं ते सांगितलं नव्हतं. माझी अक्का, जिनं आयुष्यात माऊसला हात लावला नाही, बस्त्याच्या पिशव्या शेजारी ठेवून, जावा-नणंदांच्या देखत, दोन्ही हातांनी मला धरून वर नेत होती. आणि मी तिचा फोन उचलला नव्हता. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही मोठा असा काहीतरी आनंद झाला, ज्याचं त्या दुकानात काय करावं ते मला कळेना. मी एक ग्लास पाणी मागितलं.

तिथूनच भाचीला फोन लावला. काय सापडलं ते सांगितलं. हद्दीबाहेर बटण सुटलं एवढं ऐकल्याबरोबर ती म्हणाली, "अरे देवा. धरून ठेवायची ओळ राहिली मामा." मग तिनंही तोच विचार केला असणार, कारण ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "पर इतक्या वर नेलं कोनी?"

बस्त्याच्या दिवशी माऊस कुणी धरला होता ते मी सांगितलं.

"मामा," ती म्हणाली, "फ्लेक्स लागल्यापासून आई काकाशी बोलून राहिली न्हाई. त्येंच्या ताटात भाकर पन दुसऱ्याच्या हातून वाढती. सगळ्यांदेखत म्हनली, माझ्या भावाला ह्यानंच खाली टाकलं. काका शपथा घेऊन राहिले, पर ती ऐकंना."

"तिला काही सांगू नको. मी येतो."

"कवा?"

"मामा कवा येत असतो? लग्नाला."

फ्लेक्सवाला नवा फ्लेक्स फुकट छापून द्यायला तयार झाला. मी नको म्हणालो नाही, मी काही संत नाही. त्यानं मलाच माऊस दिला, रिवाजाप्रमाणं. मी माझा फोटो नवरीच्या दुसऱ्या बाजूला, काकाच्या बरोबरीनं ठेवला. काकाच्या फोटोच्या कडेला कड जुळवली, दोनदा. बोट हद्दीच्या आतच उचललं आणि हिरवं बटणही मीच दाबलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी गुंडाळलेला फ्लेक्स काखेत मारून, बायकोला घेऊन मी हट्ट्याला उतरलो. मांडवात खुर्च्या लागत होत्या, मागं चुलींवर मोठी पातेली चढली होती. पुढारी दारातच होता. त्यानं सवयीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, मग अक्काकडं बघून काढून घेतला. "सोयरे, गळ्याची आन, म्या काई केलं न्हाई," तो म्हणाला. मी म्हणालो, "माहीत हाय मला." त्याचा चेहरा असा झाला, की यात काय डाव असेल ते तो शोधायला लागला. संशय घेणारा मी एकटाच नाही, हे बघून मला बरं वाटलं.

अक्काचे हात अजून हळदीनं पिवळे होते. ती माझ्याकडं बघत राहिली. तिला मी घराच्या बाजूला नेलं.

"अक्का, फ्लेक्सच्या दुकानात माझा फोटो तू हलवला व्हता?"

"मंग? तुझ्या दाजीनं तुला काकाच्या खालतं लावलं व्हतं. म्या म्हनलं, एकदा फेट्यात झालं, आता पुन्हा न्हाई." तिनं पदर खोचला. "चांगला वर नेऊन ठेवला व्हता म्या. ह्या डोळ्यांनी बघितलं. माझी पाठ फिरल्यावर काकानंच खाली वढला."

मी तिला समजावून सांगितलं. हद्द, पट्टी, सुटलेलं बटण, फ्लेक्सवाल्याचा फोन. क्लासात सांगतो त्याच्यापेक्षा सोपं करून सांगितलं.

"सोडला की म्या," ती म्हणाली. "बोट उचललं की बराबर."

"तू सोडला. पर त्या मशिनीला कळलं न्हाई. तिच्या लेखी तू मला धरूनच व्हती."

मांडवाच्या दाराकडं, दिराकडं तिनं एकदा बघितलं. "मंग ह्येनी काईच केलं न्हाई?"

"न्हाई."

"फेटा तरी ह्येनीच संपवला व्हता," ती म्हणाली. पण थोड्या वेळानं मी बघितलं, तिनं स्वतः चहाचा कप नेऊन त्याच्या हातात दिला. त्यानं पिण्याआधी कपात बघून घेतलं.

नवा फ्लेक्स पोरांनी मांडवाच्या दारावर बांधला. अक्का कामं टाकून तो बघायला आली. तिला वाचायला वेळ लागतो, म्हणून ती बोट वर करून एकेक फोटो बघत होती. तिनं बघायला सुरुवात केली ती सगळ्यात वरच्या ओळीपासून. गणपती बघितला, देवी बघितली, सासरे बघितले. त्या ओळीत मी नव्हतो. मग ती खाली आली आणि नवरीच्या शेजारी मी सापडलो.

"इतंच ठेवला व्हय?" ती म्हणाली. तिला ते पटलेलं नव्हतं. "म्या तर पार देवाच्या वर नेला व्हता तुला."

तेवढ्यात माईकवर पुकारायला लागले, की मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात घेऊन यावं. अक्कानं माझ्या पाठीला हात लावून मला दाराकडं ढकललं. मी आत भाचीकडं गेलो. दारातून वळून बघितलं तर अक्का पाहुण्यांकडं न जाता तिथंच उभी होती, मी खरंच पोरीला घेऊन बाहेर येतो की नाही ते बघत.